पेट्रोलच्या बुचातलं छिद्र

मोटारकरवतीला दोन टाक्या होत्या. मोठी पेट्रोलची, लहान तेलाची. पेट्रोलवर इंजिन चाले. तेल पात्याभोवती फिरणाऱ्या दातेरी साखळीला लागे. दोन्ही टाक्यांची तोंडं एकाच मापाची, दोन्हींवर पितळी बुचं, आटेही तेच. फरक एवढाच की पेट्रोलच्या बुचाच्या मधोमध सुई जेमतेम जाईल असं एक छिद्र होतं. टाकीतलं पेट्रोल जसं खाली उतरतं तशी त्याच्या जागी हवा यावी लागते. ती त्या छिद्रातून येई. हवा आली नाही तर पेट्रोल उतरत नाही आणि इंजिन बंद पडतं. तेलाच्या टाकीला हवा दुसरीकडून मिळे, म्हणून तिचं बूच सबंध होतं.

हे मला माहीत होतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांपैकी कुणालाही माहीत नव्हतं, कारण मी ते सांगितलं नव्हतं.

युद्ध संपून दोनेक वर्षं झाली होती. मी लष्कराच्या दुरुस्ती कारखान्यात तीन वर्षं काढून कर्जतला घरी आलो होतो. खालापूर तालुक्यात साजगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, एका लाकूड ठेकेदाराने जंगलतोड घेतली होती. लष्कराच्या जादा मालाच्या लिलावात त्याने ही करवत उचलली, आणि ती चालवता येणारा माणूस म्हणून मला ठेवलं. त्या भागात दुसरी मोटारकरवत नव्हती. सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. एखादा स्क्रू हरवला तर तो हरवलाच.

करवत दोघांनी चालवायची होती. इंजिनाकडे एक जण, आणि चार फुटी पात्याच्या दुसऱ्या टोकाला मूठ धरून दुसरा. दुसऱ्या टोकाला ठेकेदाराने गावातला एक जुना करवतवाला दिला. वय पंचावन्नच्या पुढे. तीस वर्षं त्याने आपल्या धाकट्या भावाबरोबर हातकरवत ओढली होती. शेती होतीच, पण भातं झाली की दोघे भाऊ लाकडावर जात. मी त्याला मामा म्हणे. तो मला मिस्त्री म्हणे. धाकटा भाऊ मला ‘मिलटरी’ म्हणे, आणि करवतीला ‘फटफटी’.

पहिल्याच हंगामात बुचांनी त्रास दिला. तेलाच्या बुचाचे आटे झिजलेले होते. इंजिनाच्या थरथरीने ते हळूहळू सैल होई आणि पडे. एकदा ते पाचोळ्यात पडलं आणि सहा माणसं अर्धा दिवस पाचोळा चिवडत बसली. एकदा गडबडीत मीच तेलाचं बूच पेट्रोलवर आणि पेट्रोलचं तेलावर लावलं. इंजिन पाच मिनिटांत बंद पडलं, चूक माझ्या लक्षात आली, मी कुणाला काही न बोलता बुचं बदलली. त्यानंतर पेट्रोलच्या बुचावर तांबडा रंग लावला आणि दोन्ही बुचं सुतळीने टाक्यांना बांधली.

तेलाच्या बुचावर कायमचा उपाय मामाने काढला. त्याने जुन्या वहाणेच्या चामड्याची चकती कापली, दोन दिवस करंजाच्या तेलात भिजत ठेवली आणि बुचाखाली बसवली. बूच पक्कं बसलं. त्या दिवसापासून तेलाचा थेंब गळला नाही. कारखान्यात यापेक्षा चांगलं काम मी पाहिलेलं नव्हतं, आणि तसं मी चारचौघांत बोललो. मामाला ते आवडलं. ‘मंग? हत्यार हाय ते. हत्याराला काय इंग्रजी-मराठी आसतं व्हय?’ तो म्हणाला.

पेट्रोलचं बूचही त्याला खुपत होतं. करवत रानात न्यायची तर वाशाला बांधून दोघांनी खांद्यावर घ्यावी लागे. इंजिन मामाच्या पाठीशी येई. उतारावर करवत कलली की त्या छिद्रातून पेट्रोल ठिबके आणि मामाची बंडी भिजे. खांद्यावरची कातडी सोलवटली होती. पेट्रोल कुपनावर मिळे, त्यामुळे थेंब वाया जाऊ द्यायचा नाही अशी माझी ताकीद होती. ती मी रोज देत असे. दोनदा त्याने विचारलं, ‘मिस्त्री, ह्या बुचाला भोक पडलंय, बुजवायचं नाय का?’ दोन्ही वेळा मी कामात होतो. एकदा मी ‘राहू दे’ म्हटलं. दुसऱ्यांदा मी उत्तरच दिलं नाही.

त्या भाद्रपदात मामाची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मामीने नवऱ्याला पडवीत यायची बंदी केली. पोरीला त्या वासाने मळमळतं, असं तिचं म्हणणं. मामा आठ दिवस गोठ्यात झोपला. धाकटा भाऊ म्हणे, ‘वहिनी, त्याला काडी नको दाखवूस, पेट घेल.’ नवरात्रातल्या अष्टमीला मुलगी बाळंत झाली. मुलगा झाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या भागात खंडेनवमीला कुणी हत्यार चालवत नाही. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी सगळी हत्यारं घासायची, पाजळायची, मोडकंतोडकं दुरुस्त करायचं, सैल मुठी लाखेने पुन्हा बसवायच्या. मग पाटावर मांडून पूजा. फुटकं हत्यार पूजेला ठेवत नाहीत. मी सणाला कर्जतला गेलो होतो. करवत मामाच्या घरी होती.

मी नसताना दोघा भावांनी मोटारकरवत घासली. साखळीचा एकेक दाता राखेने लखलखीत केला. टाक्या पुसल्या. तांबडं बूच काढून स्वच्छ केलं. कोयत्याची मूठ बसवायला लाख वितळवली होती. त्यातला एक थेंब मामाने बुचाच्या छिद्रात सोडला, आतून बाहेरून बोटाने सारखा केला, आणि निवल्यावर त्यावर हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याच्या रात्री जोराचा पाऊस झाला. हस्ताचा पाऊस त्या भागात डोंगरावरून, पूर्वेकडून येतो आणि तासाभरात ओढे भरतात. मी एकादशीला सकाळी नऊच्या सुमारास गावात पोचलो तेव्हा दोघे भाऊ घरामागच्या बेहड्याखाली उभे होते.

बेहडा जुना होता. दोघांनी कवेत घेतला तर हाताला हात जेमतेम लागे. घर त्याच्या पश्चिमेला, खालच्या अंगाला, पंचवीस पावलांवर. झाडाची उंची त्याहून जास्त. मधून जाणाऱ्या ओढ्याने पावसाळाभर घराकडची माती खाल्ली होती आणि मुळं उघडी पडली होती. झाडाच्या वरच्या अंगाला, पूर्वेला, जमिनीत एक फट गेली होती.

‘काल सांजच्याला दोन बोटं व्हती,’ मामा म्हणाला. ‘आता बघ.’

मी हात घातला. चार बोटं सहज गेली. याचा अर्थ झाड मुळासकट घराकडे सरकत होतं.

‘घर रिकामं करा,’ मी म्हटलं.

‘रिकामं कसं करनार? पोरगी आत हाय. आज चौथा दिस.’

मामी पडवीतून ऐकत होती. ती बाहेर आली. ‘उद्या पाचवी. पाचवी पुजल्याबगार बाळंतीन उंबऱ्याभायेर काढायची नाय. आन काढून ठिवू कुठं? सोयर हाय. कोन घरात घेल?’

तिचं दुसरं म्हणणं खरं होतं. सोयर असलेली बाळंतीण दहा दिवस होईपर्यंत दुसऱ्याच्या घरात नेत नसत. सगळ्यात जवळचं घर तीन खाचरांपलीकडे होतं. भात कापणीला आलेलं, खाचरांत पाणी.

धाकट्या भावाचं मत हातकरवतीने कापावं असं होतं. त्याला संध्याकाळ झाली असती. मी डोंगराकडे पाहिलं. माथा स्वच्छ होता, पण हस्तात दुपारनंतरचा भरवसा नसतो. झाड पूर्वेला, वरकसाकडे, म्हणजे चढावरच्या मोकळ्या जमिनीकडे पाडायचं होतं. सकाळी वारा पश्चिमेकडून होता. म्हणजे तो आमच्या बाजूने होता.

‘करवतीने पंधरा मिनिटांचं काम आहे,’ मी सांगितलं. ‘वारा फिरायच्या आत झाड आडवं होईल. पोरीला हलवायचं कारण नाही.’

हे वाक्य माझं आहे. पुढे या प्रसंगाबद्दल गावात जे बोललं गेलं त्यात ते मामाच्या तोंडी घातलेलं मी ऐकलं आहे. ते मामाचं नव्हतं.

तयारीला दोन तास लागले. झाडाच्या पूर्वेच्या अंगाला कुऱ्हाडीने खाच घेतली, म्हणजे पडताना झाड तिकडे झुकावं. वर फांदीच्या बेचक्याला दोन दोर बांधले आणि ते वरकसातल्या आइनाच्या दोन झाडांना वेढे देऊन ताणले. गावातले चार जण दोरांवर उभे केले. मी दोन्ही टाक्या भरल्या, बुचं घट्ट केली, इंजिन मिनिटभर चालवून पाहिलं. ते एका झटक्यात सुरू झालं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही घराच्या बाजूने पातं लावलं. भुसा पांढरा, ओलसर येत होता. मामा पलीकडच्या टोकाला मूठ दाबून उभा होता. चार मिनिटांत पातं बुंध्याचा तिसरा भाग आत गेलं. मग इंजिनाचा आवाज पातळ झाला आणि ते बंद पडलं.

मी पेट्रोल पाहायला तांबडं बूच उघडलं. टाकी जवळजवळ भरलेली होती. बूच लावलं, दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. तीन मिनिटं चाललं. पुन्हा तोच पातळ आवाज, पुन्हा बंद.

‘पंदरा मिन्टं,’ धाकटा भाऊ दोराजवळून ओरडला. ‘मिलटरीची घड्याळं येगळी आसत्यात रं!’

दोरावरचे हसले. मी ठिणगीचा प्लग काढून साफ केला. त्यात दोष नव्हता. पेट्रोलची नळी काढून फुंकली. ती मोकळी होती. गाळणी धुतली. पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल म्हणून टाकी उघडून तळापर्यंत पाहिली. पाणी नव्हतं. सगळं परत जोडून दोरी ओढली आणि इंजिन लगेच सुरू झालं. मला वाटलं, गाळणीतच काहीतरी होतं. मी तसं मामाला सांगितलंही. पातं निम्म्यापलीकडे गेलं आणि इंजिन तिसऱ्यांदा बंद पडलं.

त्या शांततेत आगगाडीची शिट्टी ऐकू आली.

बोरघाट चढणाऱ्या गाड्यांचा आवाज त्या गावात एरवी येत नाही. वारा पूर्वेकडून असेल तरच येतो. मामाने मान वर केली. घाटाच्या माथ्यावर ढग उभा होता, खालून काळा, वरून पांढरा. आम्ही बुंध्याला डोळे लावून बसलो होतो तेवढ्या अर्ध्या तासात तो आला होता.

‘वारं फिरलं,’ मामा म्हणाला.

पहिली झुळूक शेंड्याला लागली. झाड मागे, घराच्या दिशेने, किंचित बसलं. किंचित म्हणजे बोटभरही नाही, पण कापाची फट मिटली आणि पातं तिच्यात चिमटलं गेलं. दोन्ही दोर ताणून तारेसारखे झाले. दोरावरचं हसणं थांबलं. मुळाशी काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, ओलं कापड फाडावं तसा.

‘पाचरी!’ मामा ओरडला.

धाकटा भाऊ खैराच्या पाचरी आणि घण घेऊन धावत आला. दोघांनी पात्याच्या दोन्ही बाजूंना फटीत पाचरी ठोकल्या. दहा-बारा घावांनी फट केसभर उघडली आणि पातं सैल झालं. पाचर होती तोवर झाड मागे बसणार नव्हतं. पण मुळं किती धरतील याचा अंदाज कुणालाच नव्हता. जमिनीतल्या फटीत आता माझा पंजा गेला असता.

‘काढ तुजी फटफटी भायेर,’ धाकटा भाऊ मला म्हणाला. ‘आमी हातानं कापतो.’

‘किती वेळ लागेल?’

‘तास.’

आम्ही तिघांनीही ढगाकडे पाहिलं. तास नव्हता. अर्धा तास असेल किंवा नसेल.

मामा घराकडे वळून ओरडला, ‘आगं ये! पोरीला भायेर काढ!’

मामी दारात आली. ‘तुमीच बोल्लात, पंदरा मिन्टात व्हतंय. आता चौथ्या दिसाला वल्या अंगानं कुठं काढू तिला? वारं लागलं तर? सटवाईचा कोप झाला तर?’

‘झाड आंगावर आलं तर सटवाई काय करनार हाय?’

‘काय तोंड हाय का काय तुमचं!’ असं म्हणून ती आत गेली.

मी चौथ्यांदा तांबडं बूच उघडलं. पेट्रोल पाहायचं काही कारण नव्हतं. हाताला दुसरं काम सुचत नव्हतं, एवढंच. बूच सुटताना ‘सुस्स’ असा बारीक आवाज झाला. आधीही झाला असणार. दोरावरच्यांच्या बोलण्यात तो ऐकू आला नव्हता. आता सगळे गप्प होते.

‘श्वास घेतंय जनू,’ मामा म्हणाला.

मी बूच धोतराच्या सोग्याने पुसलं. मध्ये कुंकवाचा ठिपका होता. कुंकू पुसलं गेलं. खाली गुळगुळीत, काळपट तांबडा डाग राहिला. नखाने खरवडला, निघाला नाही. छिद्र नव्हतं.

‘मामा, यात काय भरलंय?’

‘लाख,’ तो लगेच म्हणाला. ‘नवमीला भरली. गळत व्हतं ना. का रं?’

बुचाशिवाय इंजिन चाललं असतं, पण थरथरीने पेट्रोल उसळून तापलेल्या नळकांड्यावर पडलं असतं, आणि पात्याच्या दोन टोकांना आम्ही दोघे होतो. छिद्र मोकळं करणं हाच मार्ग होता. बाभळीचा काटा लावून पाहिला, तो मोडला. लाख दगडासारखी झाली होती.

‘दाभण पाहिजे. तापवलेला.’

मामाने घराकडे हात केला. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते.

मी सुतळी तोडून बूच हातात घेतलं आणि धावलो. उंबऱ्याबाहेर थांबलो आणि आत हाक दिली. खोली अंधारी होती, ओव्याच्या धुरीचा वास होता. मुलगी बाजेवर बसलेली, डोक्याला फडकं बांधलेलं, मांडीवर मूल. मामी शेगडीपाशी होती.

‘मामी, गोधडीचा दाभण शेगडीत घाला. लाल होऊ दे. लवकर.’

‘आता दाभन कशाला?’

‘लाख काढायची आहे. करवत त्याने बंद पडतेय.’

मग तिने कोनाड्यातून दाभण काढला आणि निखाऱ्यांत खुपसला. मी बूच मातीत घासून कोरडं केलं, पुन्हा पुसलं, पेट्रोलचा वास जाईपर्यंत फुंकत राहिलो. ते घेऊन शेगडीजवळ जायची माझी हिंमत नव्हती. मी तिला दाभण बाहेर आणून द्यायला सांगितलं.

मुलगी बाजेवरून बोलली. तिचा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. ‘दादा, झाड इकडं येतंय का?’

‘सांगता येत नाही,’ मी म्हटलं.

‘सकाळी तर सांगत व्हता.’

मागे पुन्हा तो कापड फाटल्याचा आवाज झाला, पहिल्यापेक्षा लांब. कौलांवर काटक्या पडल्या. मुलगी उठली. एका हाताने भिंत धरून उभी राहिली.

‘आई, सूप दे.’

‘आगं बस गं! उद्या पाचवी—’

‘पाचवी उद्या. आपन आज हाय. सूप दे.’

मामीने निखाऱ्यांतून दाभण काढून माझ्या हातात दिला. टोकाला फडकं गुंडाळलं होतं. मग भिंतीला टेकलेलं सूप उचललं, त्यात दुपटं घातलं, मूल ठेवलं. लोखंडी विळा उशाखालून काढून सुपात बाळाच्या कडेला ठेवला. कोपऱ्यातलं इरलं मुलीच्या डोक्यावर घातलं. तिघं मागच्या दाराने नाही, पुढच्या दाराने बाहेर पडली, कारण मागचं दार बेहड्याकडे होतं.

दाभण लाखेत पहिल्यांदा थोडा गेला आणि थंड झाला. लाखेचा धूर डोळ्यांत गेला. शेगडीपर्यंत पळत जाऊन मी तो पुन्हा तापवला. दुसऱ्यांदा आरपार गेला. बूच आभाळाकडे धरून पाहिलं. छिद्रातून उजेड दिसला.

मी परत आलो तेव्हा मामा पात्याच्या टोकाशी मूठ धरून उभाच होता. धाकटा भाऊ एका हाताने पाचर चाचपत होता. दुसऱ्या हातात घण. मी बूच लावलं, दोरी ओढली. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं.

त्यानंतरचा काळ मी घड्याळात पाहिला नाही. सहा-सात मिनिटं असावीत. दर थोड्या वेळाने धाकटा भाऊ पाचरीवर घाव घाली आणि फट उघडी ठेवी. वारा आता झुळकांनी येत नव्हता, सलग वाहत होता. दोरावरच्या चौघांना आणखी दोघे येऊन मिळाले. ते दोर पोटाशी धरून मागे रेलले होते. मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो. आधी ज्या वेळात ते बंद पडे तेवढा वेळ गेला, त्याहून जास्त गेला. आवाज भरलेलाच राहिला.

खाचेपर्यंत चार बोटं लाकूड राहिलं तेव्हा मामाने मोकळा हात वर केला. ती खूण आम्हा दोघांत ठरलेली होती. मी इंजिन बंद केलं, पातं ओढून घेतलं. दोघांनी करवत उचलून ओढ्याच्या कडेला नेली.

‘वारं दम खाईल तवर थांबा,’ मामा म्हणाला.

आम्ही सगळे थांबलो. झाड पाचरींवर उभं होतं. पानं पश्चिमेला ओढलेली होती. वारा एकदा जोरात आला, दोर कुरकुरले, मग त्याचा जोर तुटला. शेंडा मागे गेला होता तो परत पूर्वेला आला.

‘वडा!’ मामा ओरडला. धाकट्या भावाने मोठ्या पाचरीवर घण घातला. एकदा, दोनदा, तीनदा. दोरावरच्या सहा जणांनी अंग टाकलं. लाकूड तडकलं. बेहडा पूर्वेकडे, वरकसात गेला. एका आइनाच्या फांद्या मोडल्या. जमीन हादरली आणि घराची दहा-बारा कौलं घसरून अंगणात पडली. तेवढंच नुकसान झालं.

लगेच पाऊस आला.

मुलगी खाचराच्या बांधावर, इरल्याखाली, सूप छातीशी धरून उभी होती. मामी तिच्यामागे. मामा पळत त्यांच्यापाशी गेला, पण चार हातांवर थांबला. त्याच्या अंगाला पेट्रोलचा वास होता. सवयीने तो तिथेच उभा राहिला.

‘निजलंय का?’ त्याने विचारलं.

‘मघाच उठलं. आता बघतंय,’ मुलगी म्हणाली.

मामी घरात पाणी तापवायला गेली. उंबरा एकदा ओलांडल्यावर पायांवर गरम पाणी घातल्याशिवाय बाळंतिणीला आत घ्यायचं नव्हतं. घसरलेल्या कौलांतून चुलीवर पाणी पडत होतं आणि लाकडं पेटत नव्हती. शेवटी तिने बाळंतिणीची शेगडीच ओट्यावर आणली आणि तिच्यावर तपेली ठेवली. आम्ही सगळे वळचणीखाली उभे राहिलो. धाकटा भाऊ भिजलेली विडी पेटवायचा प्रयत्न करत होता.

‘मिस्त्री,’ मामा म्हणाला, ‘त्या भोकाचं काम काय असतं?’

मी सांगितलं. पेट्रोल खाली जातं, त्याच्या जागी हवा वरून आत यावी लागते. तांब्याच्या तोंडावर हात दाबून धरला तर तळाच्या भोकातून पाणी पडत नाही, तसं. सांगायला अर्धं मिनिट लागलं.

‘येवढंच?’

‘एवढंच.’

‘मी दोन डाव इचारलं व्हतं तुला.’

‘हो.’

तो मला इतके दिवस अहोजाहो करत नसे तसा अरेतुरेही करत नसे. कसंबसं मधलं बोलून वेळ निभावत असे. त्या दिवशी त्याने सरळ अरेतुरे केलं आणि पुढेही तेच चालू ठेवलं.

‘पोरीच्या घरात वास नको म्हनून भरली मी ती लाख,’ तो म्हणाला. ‘दुसरं काय नाय.’

‘आन तोच वास घिऊन आता उभा ऱ्हायलास,’ धाकटा भाऊ म्हणाला. ‘सर की मागं.’

‘बाबा,’ मुलगी बांधावरून म्हणाली, ‘भोकाचं मागून बोला. माझं पाय थंड पडलं.’

मामीने तपेली उचलली. पाणी कोमटच होतं, तरी तिने ते घेतलं. मुलगी सूप सांभाळत चिखलातून अंगणात आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. मामीने दोन्ही पायांवर पाणी घातलं, उरलेलं सुपाभोवती फिरवून अंगणात टाकलं, आणि बाळाच्या कडेचा विळा उचलून तिच्याआधी आत गेली.

मुलगी उंबरा ओलांडून आत गेली. मामा आणि त्याचा भाऊ शिडी आणायला गोठ्याकडे निघाले. कौलं अंधार पडायच्या आत बसवायला हवी होती. मी खाली पडलेली गोळा करायला लागलो. फुटलेली तीन निघाली.